माळ, रस्सा आणि गौरीतली गोळी

(सदर : विचारा, बोलू)

या वेळच्या टपालात तीन पत्रं अशी आली की ती एकाच गाठोड्यात बांधावीशी वाटली. एक निरीश्वरवादी बाप, एक भाविक सून आणि एक वैतागलेला पोरगा. नावं छापू नका असं तिघांनीही लिहिलंय, त्यामुळे ती छापत नाही. मी कौटुंबिक न्यायालयात २६ वर्षं विवाह समुपदेशक होते, नावं गिळायची मला सवय आहे.

पहिलं पत्र, सांगली जिल्ह्यातून :

"मी माध्यमिक शाळेत ३४ वर्षं विज्ञान शिकवलं. वडील गेले त्या वर्षी घरातला देव्हारा उतरवला आणि देव चुलतभावाकडे पोचवले. तेव्हापासून आमच्या घरात पूजा नाही की सत्यनारायण नाही. मुलीचं बारसंसुद्धा नाव सांगून, पेढे वाटून केलं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ द्यावं म्हणून २००० साली जे कार्यकर्ते निघाले होते त्यांत मी होतो. पोलिसांनी ताब्यात घेतलं त्याचा मला आजही अभिमान आहे.

माझी एकुलती मुलगी २७ वर्षांची, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., पुण्यात अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आधी मैत्रिणींबरोबर 'सहज' आळंदी ते पुणे चालली. पुढच्या वर्षी रजा टाकून पंढरपूरपर्यंत गेली. गेल्या कार्तिकात आळंदीहून गळ्यात तुळशीची माळ घालून आली. रविवारी आमच्याकडे तांबडा रस्सा मी करतो. लहानपणापासून ती शेजारी उभी राहून मसाला भाजायची. या वेळी तिने ताटातली वाटी पालथी घातली आणि वेगळं पिठलं टाकून खाल्लं. तिच्या खोलीत माउलींची तसबीर लावू का म्हणाली. मी म्हटलं, या घरात देव येणार नाही. तर म्हणते, 'कुणी सांगतं म्हणून मानू नकोस असं तुम्हीच शिकवलंत ना बाबा? मग तुम्ही सांगता म्हणून सोडू कशी?' तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं आहे.

माझे प्रश्न दोन. हे खायचं नाही, ती एकादशी चुकवायची नाही, अमुक वारी करायचीच, अशी शपथ घेऊन जगणारा माणूस मोकळा कसा? श्रद्धा म्हणजे बुद्धी गहाण ठेवणंच नव्हे का? आणि दुसरा, घर मी बांधलं. त्यात देव नको म्हणायचा मला हक्क आहे की नाही?"

सर, मी माळकरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की पान उलटायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

माझ्या गळ्यात पहिली माळ आजोबांनी घातली तेव्हा मी ८ वर्षांची होते. मला कुणी विचारलं नव्हतं. फलटणच्या अलीकडचं आमचं गाव, सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन झालेलं आणि माझ्या हातात बुंदीचा लाडू. मला त्यातला लाडूच तेवढा आठवतो. १९७६ साली कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी मटण खाल्लं. आवडलं. घरी आल्यावर माळ काढली आणि देवघरातल्या खुंटीला अडकवली, कारण गळ्यात ठेवून खोटं वागायचं नव्हतं. आई रडायला लागली. वडील हरिपाठ म्हणत बसले होते. ते थांबले नाहीत. सत्ताविसावा अभंग संपला, टाळ खाली ठेवले, आणि म्हणाले, "राहू दे खुंटीवर. तुळशीचं लाकूड आहे, कुजत नाही." रात्री जेवायला बसलो तेव्हा माझं ताट रोजच्याच जागी होतं, वडिलांच्या डाव्या हाताला.

मग २२ वर्षं ती माळ खुंटीवर होती. १९९८ साली, वडील गेल्यानंतर काही वर्षांनी, मी ती उतरवून गळ्यात घातली. का, ते सांगत बसत नाही, तो तुमच्या प्रश्नाचा भाग नाही. दोरा विरला होता तेवढा बदलला, मणी तेच. पण मधल्या काळात कुणी मला एकदा जरी "आता घाल बाई" म्हटलं असतं, किंवा माझं ताट पडवीत मांडलं असतं, तर ती माळ आज माझ्या गळ्यात नसती. आणि समजा भीतीपोटी असती, तर तिला मी माझी म्हटलं नसतं.

म्हणून मला शपथेची तेवढी भीती वाटत नाही जेवढी तुम्हाला वाटते. नेम सगळेच पाळतात. तुम्ही कुणाकडे सत्यनारायणाला गेलात तर तीर्थ घेत नाही, मूर्तीपुढे हात जोडत नाही. जोडले तर त्या रात्री झोप लागणार नाही तुम्हाला. हाही नेमच झाला. तो कुणाच्या धाकाने पाळत नाही म्हणून तो तुमचा. मुलीचाही तसाच आहे का, एवढंच बघायचं. बुद्धी गहाण पडली की नाही हे गळ्यातल्या मण्यांवरून कळत नाही. सोडवून घ्यायची म्हटली तर काय किंमत पडते, त्यावरून कळतं.

इथे आमच्या लोकांची एक खोडही सांगून टाकते. माळ घालताना ग्रंथावर हात ठेवून वचनं घेतात, मांस-मद्य नाही, एकादशी, नित्य हरिपाठ, वर्षाची वारी, परनारी मातेसमान. इथवर ठीक. पण कुठे कुठे पुढे जोडून देतात, की माळ तोडली तर घराचं वाटोळं होतं. हे संतांचं नव्हे, मधल्या दलालांचं बोलणं. तुमच्या मुलीला असं कुणी सांगितलंय का, ते विचारा. पगारातला हिस्सा कुठल्या महाराजाकडे जातो का? चालू असलेलं औषध बंद करायला सांगितलंय का? जुन्या मैत्रिणी तुटल्यात का? लग्न कुणाशी करायचं हे तिसराच कुणी ठरवतोय का? विचारताना साक्षीदाराची उलटतपासणी घेताय असं करू नका, चहा पिता पिता विचारा. यातल्या एकालाही "हो" आलं तर मला उलट टपाली कळवा. तेव्हा मी तुमच्या बाजूने बोलेन आणि तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलेन.

कारण दुसरी बाजू मी टेबलाच्या पलीकडून पाहिली आहे. ओळख पटणार नाही एवढं बदलून सांगते. एक बाई समुपदेशनाला आली, हातात कापडी पिशवी. खुर्चीत बसली आणि पिशवीतून ॲल्युमिनियमची एक लहान काळी कढई काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "हिच्यावरून घटस्फोट चाललाय." नवऱ्याने माळ घातली होती. स्वतःपुरती नव्हे, साऱ्या घरासाठी. लेकराला अंडं करून द्यायची ती कढई त्याने तीनदा उकिरड्यावर टाकली, तिने तीनदा उचलून आणली. तो मला अगदी शांतपणे सांगत होता, "मॅडम, मी तिला मारत नाही, शिव्या देत नाही, फक्त धर्माने वागा म्हणतो." त्या घरातलं स्वातंत्र्य कुठे गळत होतं ते मला त्या कढईच्या बुडाएवढं स्पष्ट दिसलं. त्याची श्रद्धा खरी होती, माझी शंका नाही. पण माळ एका गळ्याची असते. त्याने ती तिघांना घालायला घेतली.

आता तुमच्या स्वयंपाकघरात या. तुमच्या मुलीने रश्श्याचं पातेलं ओतून दिलं नाही. 'बाबा, तुम्ही करू नका' म्हटलं नाही. आपली वाटी पालथी घातली, आपलं पिठलं आपण टाकलं आणि तुमच्याच पंगतीला बसली. तसबीर लावण्याआधी तिने विचारलं. सर, रागावू नका, पण कढईचा न्याय लावायचा तर उकिरड्याकडे निघालेला माणूस त्या घरात दुसराच आहे.

आणि शिंगणापूर तुम्हीच काढलंत म्हणून बोलते. शनी कोपतो यावर तुमचा काडीचा विश्वास नव्हता, तरी ज्या बायकांचा होता त्यांना चौथऱ्यावर जाता यावं म्हणून तुम्ही पोलिसांच्या गाडीत बसलात. त्याबद्दल माझ्या मनात तुमच्याविषयी फार आदर आहे. पुढे १६ वर्षं गेली. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, जिथे पुरुषाला प्रवेश आहे तिथे स्त्रीला अडवता येणार नाही, आणि त्यासाठी नवा कायदाही लागला नाही, १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा होताच. आठवड्याने, गुढीपाडव्याला, देवस्थानाने अट सोडली. त्या दिवशी चौथऱ्यावर चढलेल्या बायका तुमच्या कोण होत्या? कुणी नव्हत्या. मग जी तुमची आहे तिने विठोबाच्या पायावर डोकं ठेवलं तर तो हक्क वेगळा कसा?

घटनेचं २५ वं कलम तुम्ही शाळेत शिकवलं नसेल, ते नागरिकशास्त्राच्या मास्तरांकडे. त्यात धर्म आचरण्याचं, प्रसाराचं स्वातंत्र्य पुढे येतं. आधी येतं ते सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य. मानणं आणि न मानणं दोन्ही त्या एका शब्दात बसतं. आणि हे सगळं सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन राहून. म्हणजे देवाचं नाव घेऊन दुसऱ्याचा हक्क मारता येत नाही. पंढरपुरातच हे आधी भांडून घ्यावं लागलं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपाशी बसले, तेव्हा कुठे दलितांना विठोबाचं दार उघडलं. दार उघडायच्या आधी म्हणे काहींनी देवाचं तेज मंत्राने घागरीत काढून ठेवलं! घागर होती त्यांच्याकडे, देव मात्र बाहेरच्यांकडे निघून गेला होता, असं माझे वडील हसून सांगायचे. गुरुजी देव मानणारे होते. त्यांना देव नको नव्हता, कुलूप नको होतं.

"बुद्धी गहाण" म्हणता, तर शिऊरच्या बहिणाबाई आठवा. सतराव्या शतकातली ब्राह्मणाची बायको, तुकोबांना गुरू मानते म्हणून नवरा तिला गुरासारखं मारायचा. शूद्र गुरू कसा केलास, हा त्याचा सवाल. तिने नवरा सोडला नाही आणि तुकोबाही सोडले नाहीत. तिच्या आयुष्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच काही होतं, ते म्हणजे ती श्रद्धा. ती काढून घेतली असती तर मागे उरलेली बाई जास्त मोकळी झाली असती, असं मला वाटत नाही.

पण एका घरात दोन मतं कशी नांदवायची, यासाठी मला टिळक दांपत्य जवळचं वाटतं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा, हाल त्यांच्या बायकोचे, लक्ष्मीबाईंचे. नवरा जिवंत असून नसल्यासारखी चारेक वर्षं नातेवाइकांच्या दारात काढली त्यांनी. टिळकांचं स्वातंत्र्य मला मान्य आहे, तरी ही किंमत कुणी मोजली ते विसरवत नाही. पुढे त्या त्यांच्याकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं सांभाळून, खाणंपिणं वेगळं ठेवून. एका छपराखाली एक ख्रिस्ती, एक कर्मठ हिंदू. ते दिवस भांडणाचे होते, विनोदाचेही होते. सोवळं सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. तुमची मुलगी उद्या कुठल्या दिशेने चालेल मला माहीत नाही. माळ राहील, किंवा माझ्यासारखी खुंटीवर जाईल. तेव्हा ताट कुठे मांडलेलं असेल, हे मात्र तुमच्या हातात आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झटकन देते. हक्क आहे. बैठकीत देव्हारा नको, घरात पूजाअर्चा नको, हे तुम्ही म्हणू शकता आणि तिने ते पाळावं. पण तिची खोली, त्या खोलीतली एक भिंत, तिथली वीतभर तसबीर? कायद्याने तिथेही तुमचंच घर. हक्क पुरा बजावायचा तर बजावा. मग तसबीर तिच्या पिशवीत राहील, पिशवी पुण्यात राहील आणि हळूहळू मुलगीही. कोर्टात हक्काचे खटले जिंकून रिकाम्या घरी गेलेले पुष्कळ आईबाप मी जिन्यापर्यंत पोचवलेत.

आणि तुम्ही तुमचं सोडू नका. तिला बरं वाटावं म्हणून टाळ वाजवायला जाऊ नका, खोटे हात जोडू नका, तिला ते लगेच कळेल. वाद घाला. चमत्काराच्या गोष्टी सांगायला लागली तर पुरावा मागा, ती प्रयोगशाळेत काम करते, तिला पुराव्याची भाषा येते. एवढ्यात पालखी निघेल. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की लोणंदला मुक्काम असतो, तुम्हाला सांगलीहून फार लांब नाही. मुलीला गाठायला जा. देवाला नव्हे, तिला. दिवेघाट चढून, जेजुरी-वाल्हं करून आलेल्या पायांचं काय झालेलं असतं ते मला माहीत आहे. सुती मोज्यांचे चार जोड, चिकटपट्टी आणि जलसंजीवनीची पाकिटं न्या. विज्ञानाच्या मास्तराने न्यावं असंच सामान आहे.

दुसरं पत्र, चिपळूणच्या बाजूचं. हे लहान आहे पण मी तीनदा वाचलं :

"माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली. सासरी तेरड्याच्या गौरी येतात. पहिल्या वर्षी माझा ओवसा (नव्या सुनेचा गौरीपूजेचा मान) होता आणि तारीख त्याच दिवसांत येत होती, म्हणून सासूबाईंनी औषधाच्या दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून दिल्या. दिवसातून तीन. तेव्हापासून दर भाद्रपदात हेच. कधी कधी चैत्रातल्या देवीच्या पालखीलाही. डोकं ठणकतं, पोट फुगतं, पुढचे दोन महिने तारखांचा मेळ नसतो. जाऊबाई म्हणतात, तू शिकलेली ना, मग मानतेस कशाला? पण मी मानते. गौरीला साडी नेसवताना मला खरंच आनंद होतो. मला पूजा सोडायची नाही, गोळी सोडायची आहे. हे दोन्ही एकदम मागितलं तर चुकलं का?"

तुला "तू" म्हणते, माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस. नाही चुकलं. आणि जाऊबाईंना सांग, शिकली म्हणून देव सोडलाच पाहिजे, हीसुद्धा एक सक्तीच झाली.

आधी गोळीचं. ती पेपरमिंट नव्हे, हार्मोन आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची वस्तूच नव्हे ती. ज्यांना पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली आहे किंवा यकृताचा आजार आहे, त्यांना ती घातक ठरू शकते. सासूबाई काउंटरवरून आणतात, तेव्हा हे कुणी विचारतं का? गौरी यायच्या आधी, आत्ताच, स्त्रीरोगतज्ज्ञाला भेट आणि पाच वर्षांचा हिशेब सांग. जाताना सासूबाईंना बरोबर ने. तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल.

आता मला खटकलेली गोष्ट. सासूबाईंच्या तरुणपणी ही गोळी अशी सर्रास कुणी घेत नसे. गौरी तेव्हाही यायच्या. मग अडचण आली की काय व्हायचं? बाई बाजूला बसायची, दुसरी कुणी गौर घ्यायची, पाच दिवस तिला कुणी पाणीसुद्धा भरायला सांगायचं नाही. ते शिवायचं नाही, टेकायचं नाही मला मुळीच पसंत नाही, अपमानच तो. पण त्यात निदान पाठ टेकायला मिळायची. आता कोपऱ्यात बसायला लावत नाहीत, कारण मोदकांना हात हवेत. उकड काढायची कोण, नारळ खवायचे कोण, मुंबईहून आलेल्या अठरा माणसांच्या पंगती वाढायच्या कोण? ही गोळी देवाच्या सोवळ्यासाठी आहे असं म्हणतात. मला ती चुलीसाठी आहे असा दाट संशय आहे. सासूबाईंना एवढंच विचार, भांडून नाही, गौरीच्या जागेवर रांगोळी काढता काढता : "तुमच्या वेळी अडचण आली तर कोण करायचं?" त्या आठवून सांगतील. बहुतेक एखादी चुलतसासू निघेल. मग म्हण, "या वर्षी तसंच करू. नाहीतर मी तशीच करते. दोन्हीतलं तुम्ही सांगाल ते." गोळी या यादीतच धरू नकोस.

हे दोन पर्याय मी दिले खरे, पण माझं मत लपवत नाही. मला विचारशील तर तशीच कर. वारीच्या वाटेवर लाखो माणसं चालतात, त्यांत हजारो बायका पाळी चालू असलेल्या. आमच्या दिंडीत पहिल्या वर्षी मला वेळापूरच्या मुक्कामात पाळी आली, तेव्हा मी माझ्या राहुटीत गपचूप बसून होते. शेजारची म्हातारी, माणदेशातली, अंगठेबहाद्दर, म्हणाली, "बसलीस का? पाय दुखत्यात का पोट?" मी सांगितलं काय ते. ती म्हणाली, "मग वाखरीपर्यंत पांडुरंगाला थांबायला सांगू काय?" आणि माझं गाठोडं उचलून दिंडीच्या गाडीत टाकलं. विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा कोण, हे चोखोबांच्या सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी विचारून ठेवलंय. त्यांना देवळाच्या पायरीवरही कुणी येऊ देत नव्हतं. तुझा प्रश्न धर्माबाहेरचा आहे असं कुणी म्हणालं, तर सोयराबाई कुठल्या धर्मातल्या ते विचार.

नवऱ्याचं तू पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस. तो काय करतो गौरीच्या दिवसांत? नारळ खवायला त्याला कुठलंच सोवळं आड येत नाही. पुढच्या पत्रात कळव.

तिसरं पत्र एका तेवीस वर्षांच्या मुलाचं, नवी मुंबईहून. तो देव मानत नाही. चाळवजा इमारतीत चौघांत मिळून राहतो. मंडळाची पोरं २१०० रुपयांची पावती फाडून दारात उभी राहतात, "सगळे देतात" म्हणतात. शिवाय खोलीतल्या एकाने सत्यनारायण घातला तेव्हा याने प्रसाद घेतला, म्हणून दुसरा म्हणाला, नास्तिक ना तू, मग शिरा कसा चालतो? "मी ढोंगी आहे का?" असा त्याचा सवाल.

बाळा, वर्गणीची गोष्ट गंभीर आहे, शिऱ्याची नाही. वर्गणी म्हणजे खुशी. ती गोळा करायलाही मंडळाला धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घ्यावी लागते. ती बघायला माग, नम्रपणे, आवाज न चढवता. द्यायचे नसतील तर "मी देत नाही" म्हण, कारण सांगायला बांधील नाहीस. धमकी दिली, नळ तोडतो वगैरे म्हणाले, तर ती वर्गणी नव्हे, खंडणी झाली. पोलिसांत तक्रार दे, आणि एकटा जाऊ नकोस. खोलीतल्या भाविक दोस्ताला बरोबर ने. तो आला तर दोस्त.

तीर्थ नको असेल तर हात मागे घे. आरतीला उभं राहायचं नसेल तर गॅलरीत जाऊन बस, दार आपटू नकोस. शिरा मात्र दोस्ताने रवा भाजून केलेला आहे, तो खाल्ल्याने तुझी मतं बुडत नाहीत. त्यात केळं घातलं असेल तर आणखी थोडा मागून घे.